बल्लारशाचे थर

हर्षलच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला जेवायला अकरा माणसं होती. मी कढी वाढत होते आणि सासूबाई माझ्या पाठीमागून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आता त्या दगडालेच विचारा. माणसं तं खरं सांगत नाहीत."

माणसं म्हणजे मी. दगड म्हणजे बल्लारशा.

बल्लारशा हा आमच्या बैठकीतल्या समुद्राचा सगळ्यात मोठा रहिवासी. समुद्र चोवीस लिटरचा. ज्या चंद्रपुरात एप्रिल लागला की दुपारी बारा ते चार बाहेर पडायला आता बंदीच असते, त्या चंद्रपुरात माझ्या नवऱ्याने काचेच्या टाकीत समुद्र पाळला होता. पाणी थंड ठेवायचं यंत्र, त्याला बॅटरी, वर निळा दिवा, खाली मिठाची बादली, आणि रोज उडून जाणारं अर्धा लिटर पाणी भरायला एक मापाचं भांडं. आत रंगीत प्रवाळ. हर्षल रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता, म्हणून प्रत्येकाला स्टेशनाचं नाव. शेंदरी बटणांचा गुच्छ तो विसापूर. मोरपंखी गवतासारखा डोलतो तो माणिकगड. आणि मधोमध हळदीच्या रंगाचा, नारळाएवढा, टणक, तो बल्लारशा जंक्शन. नवीन नावं सुचेनाशी झाली तेव्हा त्याने वेळापत्रक विकत आणलं होतं.

या छंदात एक रीत आहे. आपला प्रवाळ चांगला वाढला की त्याचे तुकडे करून दुसऱ्यांना द्यायचे, फुकट. उद्या आपली टाकी बसली, पाणी तापलं, सगळं मेलं, तर ज्याला दिलं त्याच्याकडून आपलंच प्रवाळ परत आणता येतं. हर्षल म्हणायचा, ठेवलेलं मरतं, दिलेलं उरतं. तीन वर्षांपूर्वी, दोन फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता, तो असाच बल्लारशाचा एक तुकडा डब्यात घालून मोटरसायकलने मूल गावाला निघाला होता. तिथल्या शाळेतले गुरनुले सर टाकी ठेवतात, त्यांना द्यायला. वाटेत जंगलाचा पट्टा लागतो. धुकं होतं. साडेसहाला एका ट्रकवाल्याला तो रस्त्याच्या कडेला सापडला. मडगार्डला रानडुकराचे केस होते, असं पंचनाम्यात लिहिलं आहे. डब्यातला तुकडा जिवंत होता.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण हर्षलला दोन टोकांचा आजार होता. एका टोकाला तो तीन-तीन दिवस झोपायचा नाही, घरातली सगळी दारं रंगवून काढायचा, अनोळखी माणसांना जेवायला आणायचा. दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून पडायचा. चौदा वर्षं तो लिथियमच्या गोळ्यांवर होता, रात्री जेवल्यावर दोन. गोळ्यांनी तो ताळ्यावर राहायचा, पण थोडा मंद व्हायचा आणि त्याचे हात थरथरायचे. चहाचा कप भरून दिला की निम्मा बशीत. म्हणून सासूबाई त्याला अर्धाच कप द्यायच्या, दोनदा.

त्या दिवाळीत मी चिडून त्याला म्हणाले होते, "या गोळ्यांनी लाकूड झालायस तू." फराळ मांडायचा होता आणि तो तासभर सोफ्यावर नुसता बसून होता, एवढंच कारण. सासूबाईंनी ते ऐकलं. तो गेल्यावर त्यांनी त्या एका वाक्यावर सगळा खटला उभा केला. शुद्धीत असता तर एवढ्या थंडीत, अंधारात तुकडा द्यायला कशाला गेला असता? डोकं फिरलं होतं म्हणून गाडी सुसाट सोडली. आणि डोकं का फिरलं, तर प्रांजलीने, म्हणजे मी, गोळ्या बंद केल्या. मी रिकाम्या पट्ट्या दाखवल्या, तारखा मोजून दाखवल्या. त्या म्हणाल्या, पट्टी काय, कोणीही रिकामी करतं.

रक्तातलं लिथियम शेवटच्या चार महिन्यांत तपासलंच नव्हतं, आणि शवविच्छेदनात ते कुणी मागत नाही. म्हणजे प्रश्न तसाच राहिला होता. आणि खरं सांगायचं तर तो सासूबाईंपेक्षा मला जास्त पोखरत होता. माझ्या वाक्याने त्याने गोळ्या सोडल्या का? तीन वर्षं मी हाच विचार घेऊन भाजी चिरत होते.

त्या पंगतीत मात्र माझं डोकं गेलं. कढीचं भांडं खाली ठेवून मी सांगितलं, विचारू या दगडाला, माझी काही हरकत नाही. माझी लेक अन्वी समोर बसली होती. पंधरा वर्षांची, दहावीला. तिने ताट तसंच सोडलं आणि उठून आत गेली.

*

दगडाला विचारायचं म्हणजे काय, ते सांगते. मी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे, त्यामुळे सासूबाईंना जे बातम्यांत चमत्कारासारखं वाटलं ते मला जरा सरळ दिसतं.

प्रवाळ हा एक जीव नाही, हजारो बारीक जिवांची चाळ आहे. हे जीव रोज आपल्या बुडाखाली चुन्याचा एक थर घालतात आणि त्यावर चढून बसतात. थर केसाच्या निम्म्या जाडीचाही नसतो. चुना ते पाण्यातून ओढतात, आणि त्या दिवशी पाण्यात जे धातू विरघळलेले असतील त्यांचा कणभर अंश त्या चुन्यात कायमचा अडकतो. म्हणजे रोजचा एक थर, आणि थरात त्या दिवसाच्या पाण्याची नोंद. खऱ्या समुद्रात ही नोंद कंटाळवाणी असते, कारण एवढं पाणी एका दिवसात बदलत नाही. चोवीस लिटरमध्ये मात्र कुणी हात बुडवला तरी फरक पडतो.

चार वर्षांपूर्वी थरवाचक नावाचं यंत्र आलं. ते लेझरने एकेक थर जाळतं, त्याची वाफ हुंगतं आणि कुठल्या दिवशी काय होतं ते सांगतं. ते केलं होतं खाड्यांत घाण सोडणाऱ्या कारखान्यांना पकडायला. पण समुद्रातली प्रवाळं उन्हाने पांढरी पडत गेली तशी माणसांनी ती घराघरांत आणून ठेवली होती, आणि लोकांच्या लवकरच लक्षात आलं की आपल्या बैठकीत एक साक्षीदार बसला आहे. पुण्यात एका बाईने सिगरेट सोडली म्हणणाऱ्या नवऱ्याला थरांत सापडलेल्या, धुरातल्या कॅडमियम धातूवरून धरलं. मग काय, रीघ लागली.

हर्षलने गोळ्या गिळल्या नसतील तर कुठे टाकल्या असतील? संडासात नाही, कारण तिथे मी लक्ष ठेवायचे. कचऱ्यात नाही, तो मीच बांधायचे. पण जेवण झाल्यावर तो टाकीसमोर तासभर बसायचा, आणि ते बसणं इतकं रोजचं होतं की तिथे कुणी बघतच नव्हतं. एका गोळीत छप्पन्न मिलिग्रॅम लिथियम असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये मिलिग्रॅमचा पाचवा हिस्साही नसतं. या टाकीत दोन गोळ्या पडल्या तर पाण्यातलं लिथियम एका रात्रीत पंचवीसपटीने वाढेल. टाकीवाले पाण्यातला चुना, क्षार, नायट्रेट सतत तपासतात, लिथियम कुणीही तपासत नाही. शहराचं पाणी दर दोन तासांनी तपासणाऱ्या बाईनेही घरचं तपासलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला आठवत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. त्या डिसेंबरात हर्षलचे हात स्थिर झाले होते. त्याने बल्लारशाचे सहा तुकडे कापून छोट्या चकत्यांवर गोंदाने चिकटवले, ओळीत, पट्टीने आखल्यासारखे. मला इतका आनंद झाला होता की मी त्याचा हात हातात घेऊन बघितला. चौदा वर्षं त्या गोळ्यांसोबत राहिलेली, रसायनशास्त्र शिकलेली बाई मी, आणि मला वाटलं, बरं झालं, सुधारतोय. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

*

प्रयोगशाळा पणजीला होती. त्यांनी मागितलं ते असं: प्रवाळाचा अर्धा गोळा, मधोमध कापलेला. थर मोजायला आधार म्हणून पक्क्या माहीत असलेल्या तीन तारखा, उदाहरणार्थ बॅटरी बंद पडून पाणी तापलं तो दिवस. आणि ताडून बघायला त्याच प्रवाळाचा एक छोटा, नवा तुकडा.

बल्लारशा कापायचा म्हणजे तो वाचेलच असं नाही. उरलेला अर्धा जखम भरून काढतो किंवा आठवडाभरात विरघळतो. अन्वीने एकदाच विचारलं, "कापलंच पाहिजे का?" मी म्हटलं, आजीने अकरा लोकांत माझी इज्जत काढली, आता माघार नाही. ती म्हणाली, आजीचं काय ऐकतेस. मला वाटलं, बापाची आठवण म्हणून तिचा जीव अडकलाय. तिला म्हटलं, माझाही अडकलाय.

रविवारी दुपारी दारं-खिडक्या लावून मी हिऱ्याच्या पात्याची छोटी करवत चालू केली. वर पाण्याची धार धरली होती. बल्लारशाने सगळे जीव आत ओढून घेतले आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ सोडला. ओल्या चुन्याचा आणि शिळ्या मासळीचा वास घरभर पसरला. आत तो अगदी पांढरा होता. एवढ्या हळदी अंगाच्या आत इतकं पांढरं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग छोट्या तुकड्यासाठी मी टाकीत हात घातला. हर्षलच्या सहा सरळ तुकड्यांतले दोनच उरले होते, बाकीचे वाटले होते. त्यांच्या शेजारी सातवा, वाकडा. चकतीच्या कडेला कसातरी चिकटलेला, बुडाशी गोंदाचा हा एवढा गोळा. मला तो नेहमी खुपायचा, कितीदा काढून सरळ लावावासा वाटला होता. मी तोच उचलायला गेले, तेवढ्यात पाण्याखालीच अन्वीने माझं मनगट धरलं.

"तो नको."

कधी नव्हे एवढं घट्ट धरलं होतं. मी सरळ तुकड्यांतला एक काढला आणि पार्सल बांधलं.

*

उत्तर यायला अकरा दिवस लागणार होते. ते अकरा दिवस आमच्या घरात कुणी नीट बसलं म्हणून नाही.

मी केंद्रावर एकच नमुना तीन-तीनदा तपासत होते. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी टाकीशी जायचे. बल्लारशाच्या कापलेल्या कडेला तपकिरी झालर आली होती आणि वरचे जीव बाहेर येत नव्हते. दोन दिवस मी उडालेलं पाणी भरायला विसरले, तिसऱ्या दिवशी घाईत दुप्पट ओतलं आणि विसापूरची शेंदरी बटणं मिटून गेली. हर्षल म्हणायचा, टाकीत बिघडतं ते घाईने, सुधारतं ते हळूच. मला हळू काही जमतच नाही.

सासूबाई माझी घालमेल बघत होत्या. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "खाई त्याले खवखवे." मी लाटणं आपटलं. खरं तर त्यांचंही काही ठीक नव्हतं. सकाळचा चहा तीनदा गरम करायच्या आणि ओतून द्यायच्या. मुलगा वेडाच्या भरात मेला की सुनेच्या चुकीने, या दोन्हींत आईला दिलासा कुठला? पण त्यांना काहीतरी एक हवं होतं. मलाही हवं होतं, म्हणून मी त्यांच्यावर पूर्ण रागावू शकत नव्हते.

अन्वीचं जेवण निम्म्यावर आलं. पूर्वपरीक्षा आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. रात्री ती पुस्तक घेऊन टाकीसमोर बसायची आणि एक पान उलटायची नाही. एकदा मी जवळ गेले तर दचकली. विचारलं, काय झालं? म्हणाली, त्या मशीनला सगळंच कळतं का गं? मी म्हटलं, पाण्यात पडलं असेल ते सगळं. तिने पुस्तक मिटलं.

*

बाराव्या दिवशी सकाळी, मी केंद्रावर असताना, अहवाल आला.

एक लांब आलेख होता. खाली तारखा, उभ्या रेषेवर लिथियम. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सपाट रेघ. मग दिवाळीनंतरच्या सोमवारी एक पायरी वर. मंगळवारी आणखी एक, बुधवारी आणखी एक, शनिवारपर्यंत सहा पायऱ्या. रविवारी थोडी उतरण, कारण रविवारी हर्षल पाच लिटर पाणी बदलायचा.

दिवाळीनंतरचा सोमवार. म्हणजे माझंच वाक्य. मी खुर्चीत बसून राहिले. तीन वर्षं ज्याची भीती होती ते एका रेघेत समोर आलं.

मग पुढे बघितलं. पुढचा आठवडा सपाट. त्यापुढचा पुन्हा सहा पायऱ्या. पुन्हा सपाट. पुन्हा सहा. एक आठवडा सोडून एक. असा कुठला माणूस असतो जो एक आठवडा गोळ्या टाकतो आणि एक आठवडा गिळतो? आणि मग मला ते दिसलं. वाचायची गरजच नव्हती, कारण तो कागद मला पाठ होता. माझा ड्युटी चार्ट होता तो. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. दुपारच्या पाळीत मी रात्री साडेदहाला घरी यायचे. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात हर्षलला गोळ्या मी द्यायचे, समोर उभी राहून. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात मी दोन गोळ्या स्टीलच्या वाटीत काढून ठेवायचे आणि सासूबाई नऊलाच झोपतात म्हणून त्या द्यायचं काम अन्वीला सांगितलं होतं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. घरी आले की मी विचारायचे, दिल्या का? ती म्हणायची, दिल्या.

मला माझ्याच लेकीची भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली. ताट सोडून उठलेली, मनगट धरलेली, मशीनला सगळं कळतं का विचारणारी अन्वी एका क्षणात डोळ्यांसमोरून गेली. तीन वर्षं मी माझ्या अपराधाला कुरवाळत बसले होते आणि शेजारच्या खोलीत माझं पोर तिचा वेगळा अपराध घेऊन झोपत होतं.

आलेखाच्या शेवटी आणखी एक गोष्ट होती. पंधरा जानेवारीपासून दोन फेब्रुवारीपर्यंत एकही पायरी नव्हती. त्यात माझ्या दुपारच्या पाळीचा एक अख्खा आठवडा येऊन गेला होता, तरी नव्हती. रेघ फक्त रविवारी-रविवारी उतरत होती. मी पणजीला फोन लावला. डॉक्टर फातर्पेकर नावाच्या बाई होत्या, शांत आवाजाच्या. मी विचारलं, म्हणजे शेवटचे अठरा दिवस त्याने गोळ्या घेतल्या असं म्हणता येईल? त्या म्हणाल्या, "पाण्यात काय पडलं ते दगड सांगतो. तोंडात काय गेलं ते नाही सांगत. हे मी अहवालातही लिहिलंय."

*

अर्धी रजा टाकून मी घरी निघाले. रस्त्यातच ठरवलं होतं. माझ्यावर आळ आहेच, तो माझ्यावरच राहू द्यावा. अन्वी शाळेतून यायच्या आत सासूबाईंना सांगून मोकळं व्हायचं.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, अहवाल आलाय, गोळ्या टाकीत पडत होत्या, दिवाळीनंतरच्या सोमवारपासून. मी जे बोलले त्यानंतर लगेच. तुम्ही म्हणत होता ते खरं आहे.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं आणि आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना, असा चेहरा झाला. मग हळू आवाजात विचारलं, "आन तुले माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

"खोटं बोलून राहिली ती, आजी."

अन्वी आतल्या दारात उभी होती. शाळेत गेलीच नव्हती. माझ्या फोनवर आलेला अहवाल घरच्या पडद्यावरही आला होता, आणि तिने तो माझ्याआधी उघडला होता.

"आई घरी नव्हती," ती म्हणाली. "मी होते."

मग तिने सगळं सांगितलं, खाली बघत, न थांबता. पहिल्या दिवशी बाबा म्हणाला होता, बल्लारशाला झोप येत नाही, माझ्या गोळ्या त्याला देतो, आईला सांगायचं नाही. ती बारा वर्षांची होती, दोन वर्षांची नव्हती, तिला कळत होतं. पण मग बाबा बदलला. संध्याकाळी तिच्याबरोबर नाचायला लागला, तिला नागपूरपर्यंतची सगळी स्टेशनं उलटी म्हणायला शिकवली, तिच्या निबंधावर पोट धरून हसला. "मला तो बाबा आवडला होता," ती म्हणाली. "मला लाकडाचा परत नको होता. म्हणून नाही सांगितलं."

ते 'लाकडाचा' माझ्याकडूनच तिने उचललं होतं.

जानेवारीत मी घरी नसताना तो तिच्यावर ओरडायला लागला, तिच्या वह्यांवर रुळांचे नकाशे काढायला लागला. ती घाबरली. संक्रांतीला त्याने तिळगुळासाठी हात पुढे केला तेव्हा तिने मूठ मिटून घेतली. आधी शपथ घे, आजपासून गोळी गिळशील, नाहीतर तिळगूळ नाही आणि मी आईला सांगते. मग त्याने शपथ घेतली. त्यानंतर तो रोज तिच्यासमोर गोळ्या तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, आणि उठून टाकीपाशी जाऊन बसायचा.

"तोंड उघडून दाखव म्हणायची माझी हिंमत झाली नाही," अन्वी म्हणाली. "वाटलं, निघाल्या तर?"

मी फोन पुढे केला, शेवटचे अठरा दिवस दाखवले. बघ, इथे काही नाही. त्याने शब्द पाळला. तिने मान हलवली. तिने खालची ओळही वाचली होती. म्हणाली, दगड पाण्याचंच सांगतो. मग बेसिनमध्ये थुंकल्या असतील, बाहेर फेकल्या असतील. कोणी काय सांगावं.

मी टाकीकडे बघत राहिले. अर्धा बल्लारशा, दोन्ही बाजूंनी मिटलेला. शेजारी एकच सरळ तुकडा उरला होता. आणि तो वाकडा.

"हा वाकडा कधी लावला त्याने?" मी विचारलं.

"शेवटच्या रविवारी. दोन लावले, हा आणि मूलला न्यायचा. सारखा पडत होता हातातून. मी लावते म्हटलं तर म्हणाला, वाकडा तर वाकडा, माझ्या हातचा राहू दे."

"का पडत होता?"

"हात थरथरत होते."

बोलून झाल्यावर ती थांबली. डिसेंबरातले सहा तुकडे तिनेही बघितले होते, पट्टीने आखल्यासारखे. तो हात कशाने स्थिर झाला होता ते आता तिला माहीत होतं, आणि मग पुन्हा कशाने थरथरला असेल तेही. ती टाकीजवळ गेली आणि काचेला नाक लावून त्या गोंदाच्या गोळ्याकडे बघायला लागली. त्या गोंदात माझ्या नवऱ्याने गिळलेल्या गोळ्या होत्या. मी तो काढून सरळ लावणार होते.

"कप," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघींनी वळून बघितलं.

"त्या डिसेंबरात मी त्याले कप भरून देऊन राहिली होती. सांडत नव्हता. मले वाटलं, देव पावला." त्यांचा हात नुसताच सुपातल्या शेंगांवर फिरत होता. "आन मग जानेवारीत सांडाले लागला. संक्रांतीच्या आठ दिवसांनी असंन. मी पुन्हा अर्धा देणं सुरू केलं. निघाला त्या सकाळीही अर्धाच देला. दोनदा. गुरनुले सरांची सकाळची शाळा आहे, त्याच्या आत पोचतो म्हणाला. आन हेल्मेट घालून गेला."

हे त्यांनी तीन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, त्यांना ते दिसलंच नव्हतं, जसा मला तो स्थिर हात दिसला नव्हता.

मी खाली बसले. अन्वी येऊन माझ्या खांद्याला टेकली, ती पाच वर्षांची असताना टेकायची तशी, सगळा भार टाकून. सासूबाई आमच्याकडे बघत नव्हत्या, टाकीकडे बघत होत्या.

"तुकडा द्याले निघाला होता," त्या म्हणाल्या. "डुक्कर आडवं आलं."

त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच कुणी म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि अन्वीला म्हणाल्या, पाणी कमी झालं आहे वाटते टाकीतलं. खरंच झालं होतं, सकाळपासून कुणी भरलंच नव्हतं. अन्वी उठली आणि अर्धा लिटर मोजून, अगदी हळू, कडेकडेने ओतू लागली.